दोन लाइनचा कॉर्डलेस फोन घेताय? आधी हे करून बघा

घरून काम करणाऱ्याला घरचा नि कामाचा नंबर एकाच फोनवर हवा असतो, पण खोक्यावर 'टू लाइन' लिहिलंय म्हणून लगेच खूश होऊ नका.

सुरुवात भिंतीतल्या जॅकपासून. एका लाइनला दोन तारा लागतात, म्हणजे दोन्ही लाइन एकाच जॅकमधून यायच्या तर चार तारा हव्यात, आणि बेसला (हँडसेट ठेवायच्या, जॅकशी जोडलेल्या मुख्य भागाला) जोडायची वायर दोनच तारांची निघाली तर दुसरी लाइन मुकी राहते नि आपण उगाच फोनला शिव्या घालतो. दोन जॅक वेगळे असतील तर बेसला दोन सॉकेट आहेत का बघा. लाइनवर डीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट, असेल तर फिल्टर लावा, नाहीतर खरखर येते.

आता खरी परीक्षा. एका हँडसेटवरून पहिल्या लाइनने मोबाइलला फोन लावा, तो चालू ठेवूनच दुसऱ्या हँडसेटवरून दुसऱ्या लाइनने दुसरा फोन लावा. दोघांना एकाच वेळी बोलता येत नसेल तर फोन परत करा, बाकी फीचर कितीही भारी असू देत! जमलं तर एक कॉल होल्डवर टाकून दुसरा घ्या, मग दोन्ही जोडून तिघं बोलून बघा. आणि हो, नुसतं हिरवं बटण दाबलं की कुठली लाइन लागते? बरेचदा पहिलीच, म्हणजे क्लायंटला तुमचा घरचा नंबर दिसतो आणि मग तो रविवारी त्यावरच फोन करतो. सेटिंगमध्ये लाइन बदलता आली पाहिजे. रिंगटोनही दोन्हीच्या वेगळ्या हव्यात, आन्सरिंग मशीन दोन्ही लाइनचे मेसेज वेगळे ठेवतं का तेही बघा.

रेंजसाठी बोलत बोलत घरभर फिरा. डेक्ट नावाच्या वायरलेस तंत्राचा फोन 1.9 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, त्यामुळे 2.4 वाल्या वायफायशी भांडत नाही, पण काँक्रीटच्या भिंती सिग्नल खातातच.

बॅटरी साधे ट्रिपल ए रिचार्जेबल सेल असतील तर उत्तम, खास पॅक पुढे शोधत बसावा लागतो.

शेवटी बेसचा अॅडॉप्टर उपटून बघा. बॅकअप नसेल तर दोन्ही लाइन एकदम बंद. तांब्याच्या तारेची लाइन असेल तर एक साधा वायरवाला फोन जोडून ठेवा, त्याला वीज लाइनमधूनच मिळते.