मुद्दा भरकटवणाऱ्यांशी बोलायचं कसं: ऑफिस, सोसायटी आणि फॅमिली ग्रुपसाठी

चुकीचा युक्तिवाद ओळखायला तर्कशास्त्राचा क्लास लावायची गरज नाही ओ, एकच बघायचं, आपण विचारलं काय आणि उत्तर आलं कशाचं.

टॉवेलच्या कारखान्यातलं घ्या. आपल्या सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी, संध्याकाळी गाडी निघायचीय, क्वालिटीतला नवा पोरगा म्हणतो मरून लॉटचा रंग सुटतोय, टेस्ट करून मगच पाठवू. त्यावर सुपरवायझर काका, "तुला येऊन किती दिवस झाले रे? आम्ही इथं केस पांढरे केले." झालं, रंग राहिला बाजूला आणि सगळी मीटिंग पोराच्या वयावर. आता पोरगा "तुम्ही पर्सनल होताय" म्हणाला तर अजून पेटणार. त्यापेक्षा असं म्हणायचं, "काका, मी नवीनच आहे, मान्य. पण एक पीस पांढऱ्या कापडासोबत ओला करून दाबून ठेवू की, डाग पडतो का बघू." त्यात काकांचाही मान राहतो, आणि कापडाला कुणाचं वय कळत नाही.

म्हणजे चुकीवर बोट ठेवायचं नाही, प्रश्न विचारून गाडी परत मुद्द्यावर आणायची. माझ्या मते निम्मं काम इथंच होतं.

हां, बोलणाऱ्यावर शंका घेणं दरवेळी चूक नसतं. पॉलिसी विकायला आलेल्या पाहुण्याला "यात तुम्हाला कमिशन किती?" विचारणं रास्तच आहे, फक्त तेवढ्यावरून पॉलिसी वाईट ठरत नाही, कागद वाचावाच लागतो.

दुसरा प्रकार, तुमच्या तोंडी भलतंच वाक्य घालायचं. आपल्याकडं पाणी दिवसाआडसुद्धा येत नाही, त्यात आलं तर रात्री-अपरात्री. तुम्ही म्हणता व्हॉल्व्ह बघायला आळीपाळीनं पाळी लावू, आणि समोरच्या वहिनी म्हणतात, "म्हणजे वॉचमन चोर आहे म्हणायचंय का तुम्हाला?" इथं वॉचमनच्या प्रामाणिकपणावर भाषण सुरू केलं की तुम्ही अडकला. "चोर मी म्हणालोच नाही वहिनी, टाकी ओव्हरफ्लो होऊ नये म्हणून पाळी म्हणतोय, त्यात काय अडचण आहे सांगा," एवढंच, आणि तेही एकदाच.

"आज याला गड्ड्याच्या जत्रेला सुट्टी दिली तर उद्या अख्खं डिपार्टमेंट होम मैदानावर" हे जानेवारीत, होम मैदानावर सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली की, हमखास ऐकू येतं. भीती अगदीच खोटी नसते, पण मधे ब्रेक लावता येतो हे सोयीस्कर विसरलेलं असतं. "एका शिफ्टला दोघांनाच सुट्टी असं ठरवू या का?" विचारायचं. "ओव्हरटाइम करा नाहीतर ऑर्डर गेली" म्हणणाऱ्यालाही तसंच, निम्मा माल आज निम्मा परवा चालेल का हे पार्टीला फोन करून विचारलं का?

आणि नवा मॅनेजर आला, मशीन बंद पडायला लागल्या, म्हणून मॅनेजरच पनवती, हे तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला. आधीच्या महिन्याचं ब्रेकडाउन रजिस्टर काढा, बस.

आता अवघड गिऱ्हाईक. गौतमाच्या न्यायसूत्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत, खरं काय ते शोधायला केलेला वाद, जिंकायलाच केलेला जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं नुसतं खोडायचं ती वितंडा. प्रत्येक ऑफिसात एक वितंडावाला असतोच, कुठलीही आयडिया द्या, हे जमणार नाही, ते आधी करून झालंय. त्याच्याशी मुद्द्याला मुद्दा लढवत बसू नका, "बरं, मग तुम्ही सांगा कसं करायचं?" म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणं जड जातं, पण आपणच मधे बोललो की तो सुटला.

एक मात्र ध्यानात ठेवा, युक्तिवाद चुकला म्हणून निष्कर्षही चुकलाच असं नसतं. केस पांढरे केलेले काका बोलले वाकडं, पण लॉट खरंच चांगला असू शकतो, टेस्ट त्यासाठीच करायची. डाग नाही पडला तर सरळ गाडी भरायची, वर काकांना चहा पाजायचा.

फॅमिली ग्रुपवर मात्र यातलं काही करत बसू नका. मामांनी ग्रुपवर काही चुकीचं फॉरवर्ड केलं तर त्यांना फोन लावा, आधी तब्येत विचारा, मग त्या फॉरवर्डचं बोला, पन्नास जणांसमोर कोण माघार घेतंय?