जुन्या पिकअपचा हँडब्रेक कसा सेट करायचा

हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला तरी गाडी उतारावर सरकते, ही जुन्या पिकअपवाल्यांची नेहमीची तक्रार, आणि बरेच जण काय करतात तर खाली शिरून डायरेक्ट केबल आवळतात. तसं करू नका. मी एकदा केलं होतं, सासवडहून पुण्यात मार्केट यार्डला येईपर्यंत मागच्या चाकाचा ब्रेक ड्रम इतका तापला की केबिनमध्ये जळका वास यायला लागला. आधी मागचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, मग केबल.

गाडी रिकामी करून सपाट जागेवर लावा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, मागची बाजू उचलून एक्सलखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही म्हणजे नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक पूर्ण खाली.

ड्रममागच्या प्लेटला रबरी बूच असतं, ते काढलं की आत लायनर ड्रमच्या जवळ-लांब करणारी दातेरी चकती दिसते. चपट्या स्क्रूड्रायव्हरने एकेक दाता सरकवत चाक जाम होईपर्यंत जायचं, मग उलटे दाते सोडत यायचं, चाक मोकळं फिरतंय पण लायनर हलकासा सर्र घासतोय असं झालं की बास. दोन्ही बाजूंना सारखंच. चाक जामच होत नसेल तर लायनर संपलेत, नाना पेठेतून नवीन आणा. ड्रम उघडला तर आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

आता केबल. गाडीखाली एका केबलच्या दोन होतात तिथे आट्यांचा रॉड आणि नट असतो, काही गाड्यांत तो लिव्हरजवळच असतो. पावसाळ्यानंतर हे आटे हमखास गंजलेले, त्यामुळे आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, नाहीतर नट फिरायच्या ऐवजी रॉडच पिळला जातो. लॉकनट (मेन नट जागेवर धरून ठेवणारा दुसरा नट) ढिला करून मेन नट अर्धा-अर्धा फेरा आवळा, दरवेळी लिव्हर ओढून बघा. लिव्हरच्या साधारण पाच-सहा कट-कटमध्ये दोन्ही चाकं जाम आणि सोडल्यावर दोन्ही मोकळी, मगच लॉकनट टाइट. एकच चाक अडकून राहिलं तर केबल आत गंजलीय, ती बदलाच.

शेवटी छोट्या उतारावर, खाली कोणी नाही बघून, हँडब्रेक लावून फूटब्रेकवरचा पाय हळूहळू उचला. नंतर दोन-तीन किलोमीटर फिरवून दोन्ही ड्रमजवळ हात नेऊन बघा, एक बाजू जास्त गरम लागली तर तिकडचे एक-दोन दाते सोडा.