फिश टँकमागचा पडदा : रंगवण्याआधीची तयारी

फिश टँकच्या मागच्या काचेवर चित्राचा पडदा रंगवायचा असेल तर रंगाच्या डब्याआधी कॅलेंडर बघा. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हे काम हातात घेऊ नका. धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे काचेवरचा रंग आतपर्यंत कसा वाळणार? मी पहिला पडदा श्रावणात रंगवला. हाताला कोरडा लागला म्हणून चौथ्या दिवशी टँक भरला. पहिल्यांदा पाणी बदलताना झाकणावरून चार थेंब मागे ओघळले आणि वरच्या कडेपासून रंग भिजल्या पापडासारखा सुटला. तेव्हापासून दिवाळीनंतर नाहीतर फेब्रुवारी-मार्चमध्येच. रंगवायला दोन दिवस धरा, आणि पुढचा आठवडाभर टँक रिकामा राहणार हे घरात आधीच सांगून ठेवा.

रंग लावायचा तो मागच्या काचेला, बाहेरून. आतून कधीच नाही. डब्यावर ‘नॉन-टॉक्सिक’ छापलेलं असतं ते मुलांच्या हातातोंडाचा विचार करून. रात्रंदिवस त्याच पाण्यात राहणाऱ्या माशांचा विचार त्यात नसतो. शिवाय सतत पाण्यात राहिलेला रंग आज ना उद्या पोपडे धरतोच.

मग माशांची सोय. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टँकमध्ये जवळजवळ ७० लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच ७० किलो वजन. भरलेला टँक ओढून पुढे घ्यायचा मोह टाळा. काचेचे जोड तिथेच सुटतात. झाकणाचा मोठा टब घ्या, त्यात टँकमधलंच पाणी भरा, मासे त्यात सोडा आणि फिल्टरही त्यातच चालू ठेवा. फिल्टरचा स्पंज स्वच्छ करण्याच्या नादात नळाखाली धरू नका. माशांच्या घाणीतून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजात असतात आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने ते मरतात. टब दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाला वास कमी असतो. ऑइल पेंट किंवा स्प्रे वापरायचाच असेल तर रिकामा टँक गच्चीवर न्या.

सामान फार लागत नाही. ॲक्रिलिक रंग, पाण्यात मिसळणारं क्लिअर वार्निश, फोमचा छोटा रोलर, भांडी घासायच्या कोऱ्या स्पंजाचे तुकडे, एक बारीक ब्रश, मास्किंग टेप, ब्लेड, व्हिनेगर, स्पिरिट, सुती फडकी आणि टॉर्च.

आता काच, आणि इथे घाई नको. मागच्या काचेवर पाण्याचा पांढरा खार बसलेला असतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं त्यावर दहा मिनिटं चिकटवून ठेवलं की तो मऊ पडतो. मग ब्लेड आडवं धरून खरवडा, पण जोडातल्या सिलिकॉनला ब्लेडची धार लागू देऊ नका. साध्या पाण्याने पुसून वाळवा आणि शेवटी स्पिरिटचा हात फिरवा. त्यानंतर काचेला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकट ठसा जिथे उमटतो तिथे रंग धरत नाही. कडांना आणि जोडांवर टेप लावा, नखाने दाबून बसवा.

चित्र काय काढायचं ते कागदावर टँकच्याच मापात आधी ठरवा. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर यांनी संगीत नाटकांचे पडदे रंगवले ते याच गावचे. पडद्यापुढे नट उठून दिसला पाहिजे. आपल्याकडे नट म्हणजे मासा, म्हणून पडदा शांत आणि गडद ठेवा. केशरी गोल्डफिश काळसर निळ्यापुढे जेवढा खुलतो तेवढा रंगीबेरंगी प्रवाळापुढे खुलत नाही. नमुना हवा असेल तर सकाळी पंचगंगेच्या घाटावर जा आणि पाण्याशी टेकलेली एक पायरी नीट बघा. वर कोरडा दगड राखाडी, ओलीच्या रेषेवर एकदम काळा, आणि पाण्याखाली शेवाळाचा हिरवा हळूहळू अंधारात जाणारा. तेवढे तीन रंग पुरतात.

काचेमागून रंगवताना क्रम उलटा असतो, तो कागदावर लिहूनच ठेवा : पुढचे दगड आणि पानं आधी, त्यामागची सावली नंतर, आणि खोल पाण्याचा रंग सगळ्यात शेवटी. डावं-उजवंही बदलतं, म्हणून मधूनमधून समोर येऊन बघा. पहिला हात स्पंजाने टिपून, अगदी पातळ. आरपार दिसला तरी घाबरू नका. दोन हातांमध्ये दोन तास सोडा. असे तीन-चार हात झाले की खोलीत अंधार करून मागे टॉर्च धरा आणि समोरून बघा. उजेडाचे ठिपके दिसतील तिथे पुन्हा टिपा. टेप मात्र शेवटचा हात पूर्ण कडक व्हायच्या आत तिरका ओढून काढा, नाहीतर कडा त्याच्याबरोबर उचकटतात.

वार्निश दुसऱ्या दिवशी, दोन हात. पाणी नेहमी वरून उतरतं, म्हणून वरच्या कडेला वार्निश रंग संपतो त्याच्याही पुढे अर्धा सेंटिमीटर कोऱ्या काचेवर जाऊ द्या. पावसाळ्यात काचेला बाहेरून दव धरतं तेव्हाही हीच कड आधी भिजते. मग आठवडाभर सावलीत, वारं लागेल असं ठेवा.

त्या आठवड्यात टबातलं थोडं थोडं पाणी रोज बदला, क्लोरिन काढलेल्या पाण्याने. टँक परत लावताना भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, म्हणजे मागे हवा खेळते आणि हातही जातो. निम्मा भरल्यावर थांबा, वरच्या कडेवर मुद्दाम चमचाभर पाणी ओघळू द्या आणि तासाभराने कोरडं बोट फिरवून बघा. बोटाला रंग लागला नाही तरच पुढचं पाणी भरा आणि मासे आणा.