उद्यानातील वास्तूचे छायाचित्र: चौकट आणि टीका

उद्यानातील मंडप, कमान किंवा पायऱ्या टिपण्यापूर्वी, ती वास्तू कोणत्या वाटेने दृष्टीस पडते हे चालून पाहावे, कारण ती वाटच बहुधा चौकटीतील सर्वांत भक्कम रेषा ठरते. कॅमेरा वर कलवल्यास खांब माथ्याकडे एकमेकांवर झुकलेले दिसतात. म्हणून मागे सरून तो समतल धरावा आणि खाली उरलेली जास्तीची जमीन नंतर कापावी. दगडाचा पोत तिरप्या उन्हातच खुलतो.

जाणकारांना ‘कसे वाटले?’ असे विचारू नये. ‘नजर प्रथम कोठे गेली आणि कोठे अडली?’ हा प्रश्न माझ्या मते कितीतरी अधिक उपयोगी आहे. उत्तरात कमानीऐवजी एखादी उजळ फांदी आली, तर समर्थन न करता त्याच जागी परतावे आणि ती फांदी चौकटीबाहेर जाईपर्यंत बाजूला सरकून पुन्हा छायाचित्र घ्यावे.