श्रीखंडात जिवाणू जिवंत ठेवायचे तर

श्रीखंड मुळात आंबट, त्यात भरपूर साखर, आणि पोटात गेल्यावर पुढे जठरातलं आम्ल. एवढ्यातून लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिडोफिलस हा पोटाला उपयोगी जिवाणू आतड्यापर्यंत जिवंत पोचावा म्हणून आम्ही डेअरीच्या प्रयोगशाळेत त्याला सोडियम अल्जिनेटच्या मण्यात बंद करतो. अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळातून मिळतं. कॅल्शियम लागलं की त्याची जेली होते. अल्जिनेट आणि कॅल्शियम क्लोराइड दोन्ही फूड ग्रेडच घ्या.

जिवाणू एमआरएस ब्रॉथमध्ये (लॅक्टोबॅसिलस वाढवायचं पोषक द्रावण) ३७ अंशांवर १८ ते २४ तास वाढवा, सेंट्रीफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगाने गरगर फिरवून, खाली बसवा आणि ०.८५ टक्के मिठाच्या निर्जंतुक पाण्यात दोनदा धुवा.

अल्जिनेट १०० मिली पाण्याला २ ग्रॅम. पिठल्याला बेसन लावताना जी काळजी घेता तीच इथे. भसकन ओतलंत तर आत कोरड्या गुठळ्या राहतात. पाणी ढवळत ठेवून चिमूट चिमूट भुरभुरा. त्यातच २ ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च (लहान आतड्यात न पचणारा स्टार्च) घाला. मग १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करा) आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे बुडबुडे निघून जातात. पूर्ण गार झाल्यावरच धुतलेले जिवाणू त्यात मिसळा.

ही रात्र वाचवू नका. एकदा घाईत मी बाटलीला बाहेरून हात लावून ‘कोमट झालंय’ म्हटलं आणि जिवाणू मिसळले. मणी मोत्यासारखे सुरेख झाले. ४८ तासांनी पेट्रीप्लेट पाहिली तर एकही वसाहत नाही. आतलं द्रावण अजून गरमच होतं. तेव्हापासून थर्मामीटर बुडवल्याशिवाय मी जिवाणू घालत नाही.

आता थेंब. कॅल्शियम क्लोराइडचं ०.१ मोलर द्रावण करा (डायहायड्रेट, म्हणजे पाणी धरलेला प्रकार, असेल तर लिटरला १४.७ ग्रॅम) आणि तेही निर्जंतुक करा. अल्जिनेट-जिवाणूंचं मिश्रण सिरिंजमध्ये भरून साधारण १० सेंटिमीटरवरून एकेक थेंब त्यात सोडा. थेंब टेकतो, क्षणभर चपटा होतो आणि बुडता बुडता गोल येतो. मण्यांना शेपट्या फुटल्या तर उंची आणि दाबायचा वेग बदलून पाहा. अर्धा तास त्यांना तसंच मुरू द्या, मग मिठाच्या निर्जंतुक पाण्याने धुऊन ४ अंशांवर ठेवा.

जाड सुईने २-३ मिलिमीटरचे मणी होतात आणि श्रीखंडात ते साबुदाण्यासारखे जिभेला लागतात. बारीक सुई घ्या. फारच बारीक मण्यांचा मात्र आम्लापासून बचाव होत नाही. वरून कायटोसानचा थर दिला तर संरक्षण वाढतं हे खरं, पण ते बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. हिरव्या ठिपक्याच्या श्रीखंडात मी ते कधीच घालणार नाही.

चक्का आणि साखर फेटून, गार करून झाल्यावर मणी शेवटी उलथन्याने हलकेच मिसळा. मिक्सर लावू नका.

खरं काम यापुढे आहे, आणि बहुतेक जण तेच टाळतात: जिवंत जिवाणूंची मोजणी. श्रीखंडातले मणी चाळणीवर गार मिठाच्या पाण्याने धुवा. त्यातले १ ग्रॅम मणी ९ मिली, १ टक्का सोडियम सायट्रेटमध्ये हलवा. सायट्रेट कॅल्शियम ओढून घेतं आणि मणी विरघळतो. मग दहा-दहा पटींनी पातळ करून ०.१५ टक्के पित्तक्षार घातलेल्या एमआरएस आगरवर (तेच पोषक द्रावण, आगरने घट्ट केलेलं) पसरवून, ऑक्सिजनविना ३७ अंशांवर ४८ ते ७२ तास ठेवा. पित्तक्षारामुळे चक्क्याच्या विरजणातले जिवाणू सहसा मोजणीत येत नाहीत.

शेजारी मण्यांविना, मोकळे जिवाणू घातलेल्या श्रीखंडाचाही एक डबा ठेवा, नाहीतर मण्यांनी काय वाचवलं ते कळणार कसं? दोन्ही डबे पहिल्या, सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी मोजा. मण्यांचा आकडा श्रीखंडात घातलेल्या प्रमाणाने गुणा, म्हणजे श्रीखंडाच्या ग्रॅममागचा आकडा मिळतो. ग्रॅममागे १० लाखांच्या खाली गेलात तर डब्यावर ‘प्रोबायोटिक’ (उपयोगी जिवंत जिवाणू असलेलं) लिहू नका.