जिना गिलाव्यानंतर मोजा

इमारतींचे नकाशे काढायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी हे लिहितोय. ट्रॅव्हल डिस्टन्स (सुटकेच्या वाटेपर्यंत चालायचं अंतर), रेफ्यूज एरिया (आगीत थांबायची सुरक्षित जागा), फायर रेटिंग (भिंत किंवा दार आगीत किती वेळ टिकतं) हे सगळं तुम्ही अभ्यासलेलं असणार, त्यात शिरत नाही. मी जिथे आपटलो तेवढंच सांगतो.

पहिल्या मोठ्या प्रकल्पात सुटकेच्या, म्हणजे आग लागली तर बाहेर पडायच्या, जिन्याची निव्वळ रुंदी १५०० मिमी हवी होती. मी दोन वीटभिंतींमध्ये १५५० ठेवली, वर ५० मिमी शिल्लक ठेवल्याचा अभिमानही बाळगला. गिलाव्यात दोन्ही बाजूंचे मिळून ३० गेले. उरले १५२०. अजून ठीक. मग मालकांना भिंतीला दगड हवासा वाटला. दगड आणि मागचा मसाला, प्रत्येक बाजूला ४० मिमी. उरले १४४०. रेलिंग तर अजून धरलंच नाही. ते किती पुढे आलेलं चालतं, हे प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळं सांगतो. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी मंजूर नकाशाकडे पाहिलंही नाही, सरळ टेप लावला.

दगड उतरवायला आठवडा लागला. फेरतपासणीची तारीख मिळेपर्यंत ताबा महिनाभर लांबला. त्या काळात झोप कशी लागली ते विचारू नका.

चूक गणिताची नव्हती. दगडाचा बदल ‘फिनिशेस’च्या, म्हणजे भिंतीवरच्या शेवटच्या थरांच्या, यादीतून आला आणि मी तो रंग बदलावा तसा सही करून सोडला. १९८१ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीतल्या हयात रिजन्सी हॉटेलमधले लोंबते पादचारी पूल कोसळून ११४ माणसं गेली, तिथेही असाच एक ‘छोटा’ बदल होता. दोन्ही पूल धरणाऱ्या एका सलग सळईऐवजी शॉप ड्रॉइंगमध्ये (भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या नकाशात) दोन तुकडे आले आणि वरच्या पुलाच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. मूळ जोडही नियमात बसत नव्हता, हे नंतर चौकशीत निघालं. शॉप ड्रॉइंगवर शिक्का मारताना मला हे आठवतं. तुम्हालाही आठवू दे.

‘सर म्हणाले चालतं’ हे उत्तर तपासणीत चालत नाही. माझं मत विचाराल तर नियम तोंडपाठ असलेल्या सीनिअरपेक्षा ओळंबा हातात धरणारा मुकादम चांगला गुरू. आणि इंटरनेटवरून उतरवलेली चेकलिस्ट? ती दुसऱ्याच्या इमारतीची असते.

घाबरू मात्र नका. अधिकारी वैरी नसतात. आराखडा कच्चा असतानाच शंका विचारली तर बहुतेक जण नीट सांगतात. वेळापत्रकात परांची उभारणं, खोदाईच्या कडांना आधार देणं, तपासणी आणि फेरतपासणी या स्वतंत्र ओळी लिहा. ‘इतर कामे’मध्ये ढकलल्या की पहिला उशीर त्यांच्याच जिवावर भरून काढला जातो. नकाशावर टाळता येणारा धोका साइटवर हेल्मेट-पट्ट्याच्या भरवशावर सोडू नका. गच्चीच्या अगदी काठाला यंत्रं ठेवायची आणि दुरुस्तीवाल्याला ‘पट्टा बांध’ म्हणायचं, याला डिझाइन म्हणत नाहीत.

आता माझ्या जिन्याच्या नकाशावर दोन मापं असतात: वीटकामाचं आणि फिनिशनंतरचं. दरवाज्याचं पान उघडताना लँडिंगवर किती जागा खातं, तेही त्याच कागदावर काढतो. हे दुसऱ्या प्रकल्पात लक्षात आलं, पण ती तोडफोड खोडरबरानं भागली.