इस्रायलहून कोकणातील मूळ गावी जाताना : बेने इस्रायली कुटुंबांसाठी प्रवासाची आखणी

मूळ गाव शोधण्याचे पहिले साधन बेने इस्रायली (म्हणजे कोकणातील मराठीभाषक ज्यू) कुटुंबांच्या आडनावातच असते. किहीमकर किहीमचे, पेणकर पेणचे, झिराडकर झिराडचे, वाकरुळकर वाकरूळचे. तरीही तिकिटे काढण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांशी सविस्तर बोलून घ्यावे, कारण आडनाव पूर्वजांचे गाव सांगते, पण पणजोबा प्रत्यक्षात राहत होते ते गाव अनेकदा वेगळे असते. शिवाय तीच आडनावे त्या परिसरातील हिंदू कुटुंबांचीही आहेत.

जुनी कागदपत्रे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. 'जि. कुलाबा' असा उल्लेख आढळल्यास तो मुंबईच्या कुलाब्याचा नसून आजच्या रायगड जिल्ह्याचा असतो. हे नाव 1981 मध्ये बदलले. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा भाग तर संस्थाने विलीन होईपर्यंत जंजिरा संस्थानात मोडत असे, त्यामुळे तेथील जुन्या नोंदी ब्रिटिश जिल्ह्याच्या दप्तरात शोधणे व्यर्थ ठरते. दुसरी गोष्ट नावांची. मुंबईत 1796 मध्ये पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बांधणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर हे सामाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जात. तेव्हा पूर्वजांचे हिब्रू आणि मराठी वळणाचे अशी दोन्ही नावे लिहून घेतल्याशिवाय नोंदवही उघडण्यात अर्थ नाही. मोडी लिपीतील कागद हाती लागल्यास त्याचे स्वच्छ छायाचित्र घेऊन जाणकाराकडून वाचून घ्यावे.

थोड्या दिवसांच्या सहलीसाठी पर्यटक व्हिसा पुरतो. वारंवार यायचे असेल तर ओसीआय कार्डाचा (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्डाचा) विचार करावा. 26 जानेवारी 1950 रोजी किंवा त्यानंतर भारतीय नागरिक असलेल्या व्यक्तीची मुले, नातवंडे आणि पतवंडे त्यासाठी अर्ज करू शकतात. मात्र त्या व्यक्तीचे नागरिकत्व आणि तिच्याशी असलेले नाते कागदोपत्री सिद्ध करावे लागते. आजीचा जुना भारतीय पासपोर्ट कपाटात पडून असेल, तर तो आधी शोधावा.

प्रवासासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद असतात, आणि गवत माजल्यावर दफनभूमीतील दगड दिसतही नाहीत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अलिबागला मुंबईकरांची झुंबड उडते, म्हणून तोही टाळलेला बरा.

मुंबईत उतरल्यावर मशीद बंदर स्थानकाजवळच्या सॅम्युअल स्ट्रीटवरील 'शआर हारहमीम', म्हणजे दिवेकरांचे ते सिनेगॉग, समाजाची 'जुनी मशीद', आधी पाहावी आणि मग मांडव्यामार्गे अलिबाग गाठावे. तेथील इस्रायल आळीतील 'मागेन अबोथ' सिनेगॉगच्या व्यवस्थापनाला आधी कळवून ठेवावे, कारण अनेक ठिकाणी समाजाची मोजकीच घरे उरली असून कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, यावर सारा दिवस अवलंबून असतो. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या, दिवशी छायाचित्रे आणि नोंदी यांचा विषयही काढू नये.

परंपरेनुसार समाजाचे पूर्वज असलेली, गलबत फुटून वाचलेली सात जोडपी जेथे किनाऱ्याला लागली, ते नवगाव अलिबागपासून जवळच आहे. तेथील जुन्या दफनभूमीसाठी आणि आपल्या गावच्या दफनभूमीसाठी सकाळची वेळ राखावी, कारण तिरप्या उन्हात झिजलेली हिब्रू आणि मराठी अक्षरे बरीच स्पष्ट दिसतात. दगडावर खडू, तेल वा पाणी न लावता छायाचित्र घ्यावे. गावात विचारपूस करताना 'ज्यू' म्हणण्यापेक्षा 'इस्रायली' किंवा 'शनवार तेली' (शनिवारी काम बंद ठेवणारे तेली) म्हटले, तर म्हाताऱ्या माणसांना चटकन उमगते आणि बहुधा जुन्या घराची जागाही कोणीतरी दाखवते. एका दिवसात एकच गाव घ्यावे, असे माझे मत आहे. चार गावे धावती पाहणारा छायाचित्रांपलीकडे काही नेत नाही.

खंडाळ्याजवळच्या एलियाहू हनाबीच्या टप्प्यावर, म्हणजे प्रेषित एलियाच्या श्रद्धास्थानी, मलिदा हा समाजाचा प्रार्थनाविधी करायचा असल्यास पोहे, नारळ, साखर, सुकामेवा आणि फळे अलिबागच्या बाजारातूनच घ्यावीत. हे खंडाळे अलिबाग तालुक्यातील असून घाटावरच्या लोणावळ्या-खंडाळ्याशी त्याचा संबंध नाही, एवढे गाडीवाल्याला निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे.